तेविसाव्या ओळीनंतर

वाचता वाचता जरा थांबा आणि उजवा हात पाठीमागे न्या. शेवटच्या बरगडीपाशी, कण्याच्या शेजारी तळवा ठेवा. काही जाणवलं? नाही जाणवणार. छातीवर हात ठेवला की हृदय लगेच उत्तर देतं, भूक लागली की पोट गुरगुरतं, इथे मात्र सगळं गप्प असतं. तरीही तुमच्या तळव्याखाली, मुठीएवढ्या एका अवयवात, या क्षणी तुमचं रक्त गाळलं जात आहे. दिवसभरात ते कितीतरी वेळा गाळून होतं आणि त्यातून दीड-दोन लिटर पाणी आणि नको असलेली घाण बाहेर काढली जाते. ते मूत्रपिंड. आपण त्याला किडनीच म्हणू, कारण या गोष्टीतले लोक तसंच म्हणतात.

आता अशी कल्पना करा की ही शांतता ऐकू यायला लागली. तुमच्या घरात देवघराशेजारच्या फळीवर एक पांढरी डबी ठेवली आहे. ती करते, टप. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा टप. घरातल्या एका माणसाची किडनी आत जे करते आहे, ते तुम्हाला जेवताना, अभ्यास करताना, भांडताना ऐकू येत आहे.

अशा घरात राहणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट. ती अजून घडलेली नाही. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा कदाचित घडेल.

मुलीचं नाव लास्या गुंडेटी, वय दहा. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे आजही गल्लीच्या एका टोकाला शिरलं की दुसऱ्या टोकापर्यंत यंत्रमागांचा खडखडाट सोबत करतो, तिथे दोन खोल्या आणि एक पडवी असं तिचं घर होतं. घरात ती, तिची आई पद्मजा आणि आईचे वडील कनकय्या. लास्याचे बाबा भिवंडीला मागांची दुरुस्ती करत आणि महिन्यातून एकदा येत. या भागातल्या कित्येक घरांसारखं हेही मूळचं तेलुगू घर होतं. त्यामुळे लास्या आईला अम्मा म्हणे आणि आजोबांना तातय्या; अम्मा त्यांना नाना म्हणे. बाकी सगळं बोलणं मराठीत, सोलापुरी मराठीत.

तातय्या अठराव्या वर्षी एका डाय हाऊसमध्ये लागले होते, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात. उकळत्या रंगाचे हौद, त्यांवर आडव्या दांड्या, दांड्यांवर सुताच्या लडी. लडी बुडवायच्या, फिरवायच्या, वर काढून निथळत ठेवायच्या. हातमोजे कुणी घालत नसे. तातय्या बावीस वर्षं तिथे होते. त्यानंतर त्यांनी ते काम सोडलं आणि चादरींच्या नक्षीचे ग्राफ काढायला लागले. हातांचा रंग दोन महिन्यांत गेला.

आतला गेला नव्हता. त्या काळच्या काही रंगांत अशी द्रव्यं होती, जी कातडीतून आणि वाफेतून शरीरात शिरत. किडनी त्यांना इमानदारीने गाळून बाहेर काढी आणि खाली मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत पाठवी. पिशवी भरेपर्यंत ती द्रव्यं तिथे तासन्‌तास साठून राहत. पिशवीच्या आतल्या अस्तराला रोज त्यांची आंघोळ, वर्षानुवर्षं. त्या अस्तरातल्या एखाद्या पेशीत काहीतरी बिघडतं आणि ते दिसून यायला तीसेक वर्षंही लागतात. तातय्या सत्तर वर्षांचे झाले, तेव्हा एका सकाळी त्यांची लघवी लाल झाली. त्यांनी ती अम्मापासून पाच महिने लपवली. लाल रंग बघायची त्यांना सवय होती, असं ते नंतर म्हणाले. अम्मा त्यावर हसली नाही.

पाच महिन्यांत पिशवीतल्या गाठीने डाव्या किडनीकडून येणाऱ्या नळीचं तोंड बुजवून टाकलं होतं.

हे लास्याला डॉक्टर वैरागकरांनी समजावून सांगितलं. त्या उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या आणि लहान मुलांशी बोलताना खुर्ची पुढे ओढून घेत. "हे बघ," त्यांनी कागदावर दोन शेंगा काढल्या आणि खाली एक फुगा. "या दोन किडन्या. ही पिशवी. मध्ये या दोन नळ्या, वितीपेक्षा जराशा लांब. तुला वाटेल पाणी आपोआप खाली येतं. तसं नसतं. नळीला स्नायू असतात. ती आकसते आणि थोडं पाणी खाली ढकलते. मिनिटाला तीन-चार वेळा, कधी जास्त, कधी कमी. तू झोपलीस तरी, डोक्यावर उभी राहिलीस तरी."

"आणि खालचं तोंड बंद झालं तर?"

"तर किडनी पाणी बनवतच राहते. पाणी जाणार कुठे? मागे साठतं. किडनी आतून फुगते, तिची भिंत पातळ होत जाते आणि शेवटी ती गाळणं सोडून देते."

"दुखत नाही?"

"पटकन बंद झालं तर फार दुखतं. हळूहळू झालं तर कित्येकदा अजिबात नाही. तुझ्या आजोबांची डावी किडनी तशीच गेली. कुणालाच कळलं नाही."

"मग उजवी?"

"उजवी चांगली आहे. आता एवढी एकच आहे, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचं. ती बंद पडली आणि दोन-तीन दिवसांत मोकळी केली तर बहुतेक वेळा सावरते. फार दिवस गेले तर मग सावरत नाही. आणि एकच असली की तेवढे दिवसही माणसाकडे नसतात."

लास्याने हे सगळं वहीत लिहून घेतलं. दोन-तीन दिवस, याखाली तिने रेघ मारली.

दुर्बिणीने गाठ खरवडून काढली गेली. मग सहा आठवडे दर मंगळवारी तातय्यांच्या पिशवीत नळीवाटे एक औषध सोडलं जाई. ते औषध म्हणजे जंतूच होते. तुमच्या दंडावर लहानपणीच्या लशीची खूण असेल, तेच बीसीजीचे अशक्त केलेले जंतू. ते आत गेले की शरीराचे पहारेकरी खडबडून जागे होतात, जंतूंवर तुटून पडतात, आणि त्या गडबडीत उरल्यासुरल्या बिघडलेल्या पेशीही मारल्या जातात. जुनं औषध आहे, पण अजून चालतं. तातय्यांवरही चाललं. फक्त त्या लढाईत पिशवीचं अस्तर सुजलं आणि उजव्या नळीचं तोंडही आवळायला लागलं.

म्हणून कानोसा आला.

कानोसा म्हणजे एक मऊ, पोकळ नळी. ती उजव्या नळीच्या तोंडाशी बसवलेली, तोंड उघडं ठेवायला. तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा एक कान. पाणी ढकललं गेलं की तो कान ते टिपायचा, कमरेवर चिकटवलेल्या पट्टीला कळवायचा आणि पट्टी फळीवरच्या डबीला. डबी म्हणायची, टप. हा आवाज मातीच्या भांड्यात थेंब पडल्यासारखा होता. घरातल्यांना धीर वाटावा म्हणून तो तसा निवडला होता.

पहिल्या महिन्यात धीर कुणालाच वाटला नाही. घामाने पट्टी सरकायची, आवाज थांबायचा आणि डबी किंचाळायची. तीन वेळा अम्माने तातय्यांना रिक्षात घालून दवाखाना गाठला. तिन्ही वेळा किडनी व्यवस्थित होती. तिसऱ्या वेळी अम्मा दवाखान्याच्या पायरीवर बसली ती उठेचना.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. अम्मा त्याला म्हणाली, "ती डबी गप्प झाली की माझा जीव जातो. काहीतरी करा, पण सारखी गप्प होऊ देऊ नका."

"सोपं आहे की ताई," तो म्हणाला. "सलग वर टाकतो. मध्येच संपर्क तुटला तर मशीन आधीच्या तालावरनं मधली जागा भरून काढतंय. पट्टी नीट बसली की खरं सुरू. तुम्हाला कळणारपण नाही."

"चालेल ना असं?"

"सगळे तसंच ठेवतात."

तो खोटं बोलत नव्हता. गाणं म्हणताना एखादी ओळ विसरली तर आपण ती गुणगुणून पुढे जातो, तसंच मशीन करायचं. चार-दोन मिनिटांच्या खंडासाठी ती सोय होती. खंड दोन दिवसांचा झाला तर मशीनने काय करायचं, हे मात्र कुणी त्याला शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून डबी कधी थांबली नाही. अम्मा हळूहळू पूर्वीसारखी झोपायला लागली. कामावरून आली की आधी दारात उभी राहून ऐकायची, मग चप्पल काढायची. पूर्वी ती तातय्यांच्या खोलीत जाऊन त्यांचा चेहरा बघायची, पाय दाबायची, जेवण किती गेलं ते विचारायची. आता फळीकडे कान दिला की तिचं काम व्हायचं.

लास्याच्या आणि तातय्यांच्या मात्र त्या आवाजाशी वेगळ्या गप्पा होत्या.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, तसं तातय्यांनी तिला ग्राफ शिकवायला घेतलं होतं. "चादरीवरचा मोर मागाला दिसत नाही," ते सांगत. "मागाला एवढंच कळतं, कुठला धागा वर, कुठला खाली. चौकट भरली तर धागा वर. मोकळी सोडली तर खाली. आपण मोराचं त्याच्या भाषेत भाषांतर करून द्यायचं." त्या चौकटींवरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे ओवून माळ करायची आणि माळ मागावर चढवायची. माळ संपली की पहिला पुठ्ठा पुन्हा वर येतो आणि नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्याला ते रिपीट म्हणत.

एका रविवारी लास्या म्हणाली, "तातय्या, आपण तुमचा ग्राफ काढू या?"

मग त्यांनी नियम ठरवले. एक चौकट म्हणजे पाच सेकंद. बारा चौकटींची एक ओळ, म्हणजे एक मिनिट. टप झालं की चौकट भरायची. साठ ओळींचं एक पान झालं. त्याला लास्याने नाव दिलं, तातय्याची चादर. दर रविवारी एक पान. पाणी प्यायल्यावर चौकटी दाट होत, दुपारच्या उन्हात विरळ. पाच पानं झाल्यावर तिने ती जमिनीवर मांडली आणि विचारलं, "यात रिपीट कुठंय?"

"नसतोय," तातय्या म्हणाले. "माग पुन्हा तेच विणतो. जिवंत माणूस नाही विणत, बंगारम." बंगारम म्हणजे सोनं. लाडात आले की ते तिला तसं म्हणत.

ज्या शुक्रवारची ही गोष्ट आहे, त्या दिवशी ऊन इतकं होतं की पडवीची फरशी अनवाणी पायाला सोसत नव्हती. अम्मा घरीच होती. रविवारी रात्री हैदराबादला तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा ती एक रात्र घराबाहेर राहणार होती. शेजारच्या काकू तातय्यांजवळ थांबणार होत्या. अम्मा बॅग भरत होती आणि गुणगुणत होती. लास्याला ते ऐकून कसंतरीच झालं, कारण अम्मा गुणगुणते हे ती विसरून गेली होती.

रविवारी अम्माला स्टेशनवर सोडायला जायचं म्हणून त्या आठवड्याचं पान लास्याने शुक्रवारीच घ्यायचं ठरवलं. ती डबीखाली बसली. घड्याळ समोर, पेन्सिल हातात.

पहिल्याच ओळीत लागोपाठ तीन चौकटी भरल्या. टप, टप, टप. मग ओळभर काही नाही. असं कधी कधी होई. ती पुढे भरत गेली. मधूनच तातय्या उठून मोरीत गेले. आतून नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला, बराच वेळ. ते परत जाताना भिंतीला धरून चालत होते. चपलेचा पट्टा पायात रुतला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पाऊल फुगून आलं होतं, कणकेवर दोरी आवळल्यासारखं.

"तातय्या, ताक आणू?"

"नको. तोंडाला चव नाही."

काल संध्याकाळीही ते हेच म्हणाले होते.

चोविसाव्या ओळीत पुन्हा तीन चौकटी लागोपाठ भरल्या. नंतर ओळभर काही नाही. लास्याने वर पाहिलं. पेन्सिल पुढे चालवली. चौकट एक, तीन, सात, अकरा. पुढच्या ओळीत दोन, पाच, नऊ. हे तिने आत्ताच काढलं होतं. सत्तेचाळिसाव्या ओळीची ती वाटच बघत होती. टप, टप, टप.

तिने कात्री घेतली. पहिल्या तेवीस ओळींची एक पट्टी कापली, पुढच्या तेवीस ओळींची दुसरी. एकीवर एक ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावल्या. बाहेरचं पांढरं ऊन कागदातून आत आलं. काळ्या चौकटींमागे काळ्या चौकटी, नेमक्या. एकही चुकलेली नव्हती.

मागे फळीवर डबी टपटपत होती. घरात कुणीतरी बोलत होतं, आणि ते तातय्या नव्हते.

ती तातय्यांच्या खोलीत गेली. ते उशीला टेकून बसले होते, डोळे मिटून. तिने पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी चष्मा लावला आणि नवशिक्याचा ग्राफ तपासावा तसं बराच वेळ बघितलं.

"कात्री वाकडी गेलीय," ते म्हणाले.

"तातय्या."

"कितव्या ओळीला येतोय रिपीट?"

"तेवीस झाल्या की."

"मला बावीस वाटल्या होत्या." त्यांनी चष्मा काढला. "म्हातारा झालो बघ."

लास्या पलंगाच्या कडेला बसली. खोलीत एक वास होता, औषधासारखा, पण औषधाचा नव्हे. "तुम्हाला माहीत होतं?"

"बुधवारी सकाळी कळलं. अम्मा दिवा लावत होती. आयुष्यभर रिपीटच बघत आलोय, ऐकल्यावर कळणार नाही होय?"

"म्हणजे आतलं बंद पडलंय."

"ते नळीचं तोंड. आपल्या बोअरच्या पाण्याने तोटीवर पांढरं पुट चढतंय बघ, तसं चढलं असणार. त्या दाण्याच्या कानावर पण चढलं असेल. त्याला काही ऐकू येईना, म्हणून मशीनला वाटलं कमरेवरची पट्टी सरकली." ते जरासे हसले. "पट्टी जागच्या जागी आहे. आत ऐकण्यासारखंच काही उरलं नाही."

"मग हा आवाज?"

"माझाच आहे. बुधवारच्या आधीचा."

लास्याला मोरीतला नळ आठवला. "तुम्ही नळ कशाला सोडता?"

"अम्माला ऐकू जावं म्हणून."

बाहेर अम्माने कपाट उघडलं, हँगर वाजले. तातय्या खालच्या आवाजात बोलायला लागले, आणि लास्याला वाटलं ते तिच्याशी बोलतच नाहीत.

"डाय हाऊसला लडी निथळायच्या. दांडीवरनं हौदात, टप, टप. ही डबी पहिल्यांदा लावली ना, तेव्हाच मला रामुलू आठवला. माझा धाकटा भाऊ. सतरा वर्षांचा असताना मीच त्याला तिथे लावला. हात घालायला भ्यायचा. रंग धरला का नाही ते हातालाच कळतं, असं आम्ही म्हणायचो. मी त्याचा हात धरला आणि कोपरापर्यंत बुडवला. सगळे हसले. तोही हसला." त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटून पाहिला. "एक्कावन्नाव्या वर्षी गेला. हीच पिशवी. मी त्याच्यापेक्षा किती थोरला, आणि मी इथं बसलोय. रोज ऐकतोय. बुधवारपासनं तर तोच बसलाय त्या फळीवर."

"तुम्हाला तेव्हा कुठं माहीत होतं?"

"नव्हतं. पण बुडवला तर मीच ना."

लास्याने त्यांच्या हातातल्या पट्ट्या काढून घेतल्या. तिने त्यांच्या पावलांकडे पाहिलं. "डॉक्टर म्हणाल्या होत्या, दोन-तीन दिवस. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. आजच तीन झाले."

"तू फार लक्ष देऊन ऐकतीस."

"पाठीतून नळी घालतात आणि पाणी काढून टाकतात. त्यांनी मला चित्र काढून दाखवलंय. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाल्या."

"आणि मग पाठीला पिशवी लावून फिरायचं. पुन्हा दवाखाना, पुन्हा अम्मा पायरीवर." त्यांनी तिचा हात धरला. त्यांचा हात गार होता, या उन्हातही. "अकरा महिन्यांनी पोरगी गुणगुणतीय. तिला लग्नाला जाऊ दे. सोमवारी आली की सांगू."

"सोमवारी सहा दिवस होतात."

"मोजता येतं मला."

मग त्यांनी तिचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. केस विरळ आणि ओलसर होते. "अम्माला यातलं एक अक्षर बोलायचं नाही. माझी शप्पथ घे."

"नको तातय्या."

"म्हण."

ते तिच्यावर कधी रागावत नसत. आताही रागावले नव्हते, पण त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की ते बघणं थांबावं म्हणून तिने म्हणून टाकलं. "तुमची शप्पथ, एक अक्षर बोलणार नाही."

ते पुन्हा टेकून बसले आणि डोळे मिटले.

शप्पथ म्हणजे काय, हे मोठी माणसं विसरतात. दहाव्या वर्षी ते पक्कं ठाऊक असतं. लास्याच्या वर्गातल्या एका मुलीने मांजराची शप्पथ घेऊन मोडली होती आणि चौथ्या दिवशी मांजर टेम्पोखाली सापडलं होतं. बोललं तर शप्पथेने तातय्या मरणार. नाही बोललं तर पाण्याने. हातात दोन पट्ट्या धरून ती बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिली.

पलंगावर साड्या पसरल्या होत्या. "लास्या, निळी नेऊ का मोरपंखी?" अम्माने विचारलं.

लास्या गप्प.

"बोल की. सकाळपासनं चौकटी भरून भरून मुकी झालीस काय?" अम्मा हसली, मोरपंखी खांद्यावर टाकून आरशात पाहिलं, आणि पुन्हा गुणगुणायला लागली. फळीवरच्या डबीने तिला साथ दिली. टप. थोडा वेळ काही नाही. टप.

लास्याने डबीकडे पाहिलं. तिला आता आकडे बघावे लागत नव्हते. हा एकविसाव्या ओळीचा शेवट. ही बावीस. तिने स्टूल ओढलं.

"काय पाहिजे वरचं? मी देते."

ही तेवीस. लास्या स्टूलवर चढली. तिथून डबी तिच्या तोंडाइतक्या उंचीवर होती आणि आवाज थेट कपाळात शिरत होता. तिने वाट पाहिली. टप, टप, टप.

मग तिने वायर धरली आणि ओढून काढली.

घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. पंखा ऐकू आला. गल्लीतले माग ऐकू आले, जे रोजच चालू असत आणि ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसे. आतल्या खोलीतून तातय्यांचा श्वास ऐकू आला, जड, ओढून घेतल्यासारखा, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीक कण्हणं. ते केव्हापासून होतं कोण जाणे.

अम्माच्या खांद्यावरून साडी घसरली. "काय केलंस? लाव आधी. लाव म्हणते ना."

लास्याने वायर पाठीमागे धरली आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या पुढे केल्या. ओठ घट्ट मिटलेले.

अम्माने त्या घेतल्या. ती कनकय्यांची मुलगी होती, लहानपणापासून ग्राफ बघतच वाढली होती. पहिल्या पट्टीवरून तिची नजर दुसरीवर गेली, पुन्हा पहिलीवर आली. तिने फळीकडे पाहिलं, मग पोरीच्या हातावरच्या पेन्सिलीच्या डागांकडे. ती खिडकीपाशी गेली, एक पट्टी दुसरीवर ठेवली आणि काचेला लावली.

साडी तशीच जमिनीवर टाकून ती आत धावली.

"नाना," लास्याला तिचा आवाज ऐकू आला. "नाना, पाय दाखवा. केव्हापासून? नाना, माझ्याकडे बघा."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तुम्हीच शिकवलंय मला रिपीट ओळखायला." मग अम्मा फोनवर बोलायला लागली, डॉक्टर वैरागकरांचं नाव घेऊन, पत्ता देऊन, बुधवारपासून असं सांगून. तिचे शब्द एकेक सुटे येत होते.

लास्या स्टूलवरून उतरली. एक अक्षरही तिच्या तोंडून गेलं नव्हतं. तिने आतल्या खोलीच्या दारातून तातय्यांच्या चपला उचलल्या, फरशीवर बसून दोन्हींचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल केले आणि आत गेली. तातय्या पलंगावर बसले होते, पाय खाली सोडून. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर वर केली नाही. ती त्यांच्या पायांशी उकिडवी बसली, उजवी चप्पल दोन्ही हातांनी उघडी धरली, आणि ते पाय उचलतील याची वाट बघत तशीच धरून राहिली.